परभाषिक कादंबरीतली अवघड नावं: वाचायची कशी, लक्षात ठेवायची कशी?

गोदाकाठ:
सावानातून (सार्वजनिक वाचनालय, नाशिक) किंवा 'ग्रंथ तुमच्या दारी' या योजनेच्या पुस्तकपेटीतून आणलेली परभाषिक कादंबरी पन्नासाव्या पानाच्या आत मिटते, त्यामागे पुष्कळदा नावांचा गोंधळ असतो. कोण कोणाशी बोलतंय हेच कळेनासं झालं की गोष्ट कितीही चांगली असली तरी सुटते. म्हणून हा धागा. ज्यांना जी भाषा माहीत आहे त्यांनी तिच्या नावांचे नियम उदाहरणांसकट लिहावेत. सुरुवात सर्वसाधारण पद्धतीने करतो.

मनातल्या मनात वाचतानाही आपण शब्द आतल्या आत उच्चारत असतो. अनोळखी नाव आलं की तो आतला आवाज अडखळतो आणि डोळा पळवाट काढतो: पहिलं अक्षर आणि नावाची लांबी टिपायची, पुढे सरकायचं. पहिल्या वीसेक पानांत हे खपून जातं. मग त्याच अक्षराचं, तेवढ्याच लांबीचं दुसरं नाव येतं आणि दोन माणसं एकमेकांत मिसळतात. तेव्हा नावाला लवकरात लवकर एक पक्का आवाज द्यायला हवा. तो मूळ भाषेबरहुकूम नसला तरी चालतं, पण दर वेळी तोच हवा.

इथे आपल्याला देवनागरीचा मोठा आधार आहे. इंग्रजी स्पेलिंगमध्ये उच्चार झाकलेला राहतो. तेच नाव देवनागरीत लिहायला घेतलं की उच्चार ठरवावाच लागतो. इंग्रजीतून वाचणाऱ्यांनी हे नक्की करावं.

कृती अशी. ए-फोर कागदाची २९.७ सेंमीची बाजू चार भागांत दुमडून कापली की साधारण ७.४ बाय २१ सेंमीच्या चार पट्ट्या होतात. एका पुस्तकाला एक पट्टी, तीच वाचनखूण. पट्टी आडवी धरून चार रकाने पाडा: पुस्तकात छापलंय तसं नाव, देवनागरीत तोडून (रास-कोल-नि-कोव), या माणसाला मारल्या जाणाऱ्या इतर हाका, कोणाचा कोण आणि पहिल्यांदा आला ते पान. एका बाजूला आठ-दहा नावं बसतात. नाव लिहिल्यावर दोन-तीनदा मोठ्याने म्हणा, मगच पुढे वाचा.

बिघडतं कुठे? एक, दिसेल त्याचं नाव टिपलं जातं, अगदी बग्गीवाल्याचंही, आणि पट्टी तिसऱ्याच प्रकरणात भरते. माणूस दुसऱ्या प्रसंगात परत आला तरच लिहा. दोन, नावं येतील त्या क्रमाने उतरवली जातात. त्याऐवजी घराणी पाडा, प्रत्येकाखाली दोन ओळी मोकळ्या सोडा. तीन, पात्राचं नाव नेटवर शोधलं जातं आणि पहिल्याच ओळीत त्याचा मृत्यू वाचायला मिळतो. उच्चारच हवा असेल तर फोर्वोसारख्या संकेतस्थळावर नुसतं नाव ऐका. तिथे ती भाषा बोलणाऱ्यांनी म्हटलेले उच्चार असतात, कथानक नसतं. चार, अर्ध्या पुस्तकात 'खरा' उच्चार कळला म्हणून जुना बदलला जातो. असं करू नका. पट्टीवर कडेला नोंद करा आणि हे पुस्तक जुन्याच उच्चाराने संपवा.

वाचनालयाच्या पुस्तकात पेन्सिलीनेही काही लिहायचं नाही. ते पुढच्या वाचकाचं आहे.

रामशेज:
एवढा खटाटोप खरंच लागतो का? पहिलं अक्षर पाहून पुढे जायचं. कोण बोलतंय ते संदर्भावरून कळतंच.

तपोवन:
रामशेज, ज्या पुस्तकात चार-पाच माणसं आहेत तिथे तुमचं म्हणणं मान्य. पण 'गुन्हा आणि शिक्षा' (१८६६) घ्या. नायक रास्कोल्निकोव, त्याचा मित्र राझुमिखिन. दोघंही 'रा', दोघंही विद्यार्थी, आणि एकाच खोलीत बोलत बसलेले. त्यापुढचं ऐका. नायकाच्या बहिणीला मागणी घालणारा प्योत्र पेत्रोविच, तपास करणारा पोर्फिरी पेत्रोविच आणि पोलीस ठाण्यातला तापट अधिकारी इल्या पेत्रोविच. तिघांचं एकमेकांशी काडीचं नातं नाही. तिघांच्या वडिलांचं नाव प्योत्र, एवढंच. पोर्फिरीचं आडनाव तर कादंबरीभर येतच नाही, म्हणजे 'आडनावावरून ओळखू' हाही मार्ग बंद.

रशियन नावाची रचना मात्र मराठी माणसाला परकी नाही: स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. वडिलांच्या नावाला मुलासाठी -ओविच किंवा -येविच आणि मुलीसाठी -ओव्ना किंवा -येव्ना लागतं. रोमानचा मुलगा रोमानोविच, मुलगी रोमानोव्ना. त्यामुळे मधलं नाव जुळलं की भावंडं असण्याची शक्यता धरायची (रोदिओन रोमानोविच, अव्दोत्या रोमानोव्ना), पण वरच्या तीन पेत्रोविचांमुळे ती खात्री मानायची नाही.

फरक वापरात आहे. आपण कोणाला मधल्या नावाने हाक मारत नाही. रशियनमध्ये नाव आणि पितृनाव मिळूनच आदराची हाक होते, म्हणजे आपल्याकडे नावापुढे 'राव' किंवा 'ताई' लावण्याचं काम तिथे पितृनाव करतं. म्हणून 'पोर्फिरी पेत्रोविच' हा एकच शब्द आहे असं समजून वाचा.

उलट टोकाला लाडाची नावं. अलेक्सांद्र आणि अलेक्सांद्रा दोघांचंही साशा होतं. अलेक्सेईचं अल्योशा, दिमित्रीचं मित्या, इवानचं वान्या, निकोलाईचं कोल्या, मिखाईलचं मिशा, मारियाचं माशा, येकातेरिनाचं कात्या. त्यावर आणखी प्रत्यय चढतात: सोफ्या, सोन्या, सोनेच्का. अव्दोत्याचं दून्या आणि दूनेच्का होतं, हे ओळखणं अशक्यच, म्हणून तिसरा रकाना लागतो. शेवटी -का, -च्का, -न्का दिसलं की नवं पात्र आलं असं धरू नका. आधी जुन्यांपैकी कोणाचं लाडाचं नाव आहे का ते पाहा.

आणि हाक बदलली की नातं बदललंय. काल 'सोफ्या सेम्योनोव्ना' म्हणणारा आज 'सोन्या' म्हणाला, तर लेखकाने काहीतरी सांगितलंय. पहिलं अक्षर पाहून पुढे जाणाऱ्याला हे कधीच दिसत नाही. माझ्या मते या कादंबऱ्या वाचण्यातला निम्मा आनंद इथे आहे.

आडनाव बायकांसाठी बदलतं: नवरा कारेनिन, बायको कारेनिना. बाप मार्मेलादोव, मुलगी मार्मेलादोवा. -स्की असेल तर -स्काया. घर एकच.

उच्चाराबद्दल दोनच गोष्टी. रशियन त आणि द आपल्यासारखे दाताला जीभ लावून येतात, म्हणून 'टॉलस्टॉय'पेक्षा 'तोलस्तोय' जवळचं. आणि आघात (म्हणताना दिलेला जोर) नसलेला ओ बराचसा अ सारखा ऐकू येतो. मॉस्कोला ते मस्क्वा म्हणतात. आघात कुठे ते पट्टीवर त्या अक्षराखाली रेघ मारून दाखवा: रास्कोल्निकोवमध्ये 'कोल'वर, कारेनिनामध्ये 'रे'वर.

कॉलेजरोड:
+१. धागा वाचनखुणांत साठवला.

सराफबाजार:
स्पॅनिशमध्ये उच्चार सोपा आहे, पुनरावृत्ती अवघड. आधी उच्चार उरकते: जे म्हणजे ह (होसे), डबल एल बहुतेक ठिकाणी य, एच मुका, एनवर लाटेचं चिन्ह असेल तर न्य. लॅटिन अमेरिकेत झेडचा उच्चार स. शब्दाच्या शेवटी स्वर, एन किंवा एस असेल तर आघात शेवटून दुसऱ्या अक्षरावर, नाहीतर शेवटच्या. अक्षरावर तिरकी रेघ छापली असेल तर सगळे नियम बाजूला, आघात तिथेच. एवढ्यावर बहुतेक स्पॅनिश नावं वाचता येतात.

आता गार्सिया मार्केसची 'वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड' (१९६७). बुएन्दिया घराण्याच्या सात पिढ्या, आणि मुलांची नावं फिरून फिरून होसे आर्कादिओ आणि आउरेलिआनो. घराण्यातल्या कर्नल आउरेलिआनोच्या सतरा मुलांची नावं आउरेलिआनोच आहेत. लोक इथे हात टेकतात. पण लेखकाने शिस्त पाळली आहे, ती धरली की वाट सापडते. मूळ पुरुषाचा उल्लेख 'होसे आर्कादिओ बुएन्दिया' असा पुऱ्या नावाने होतो. त्याचा मुलगा नुसता 'होसे आर्कादिओ'. नातू नुसता 'आर्कादिओ'. पणतू 'होसे आर्कादिओ सेगुंदो', आणि त्याचा जुळा भाऊ 'आउरेलिआनो सेगुंदो'. म्हणजे जेवढे शब्द छापलेत तेवढे सगळे मिळून एक नाव. त्यातला एक शब्द जरी डोळ्याने गाळला तरी पिढी चुकते.

बऱ्याच आवृत्त्यांत सुरुवातीला वंशवृक्ष छापलेला असतो. तो आधी पाहू नये असं माझं स्पष्ट मत आहे, कारण कोणाला कोणापासून मूल झालं हे त्यात उघडं पडतं. कोऱ्या कागदावर वरून खाली स्वतः काढत चला. कागद आडवा घ्या, कारण तिसऱ्या-चौथ्या पिढीत रुंदी लागते, आणि बायकांची नावं गाळू नका. मूळ पुरुषाची बायको उर्सुला कुठल्या पिढीपर्यंत जिवंत आहे त्यावरून बाकीच्यांचा काळ लागतो.

वाचनालयात शोधताना एक अडचण येते. स्पॅनिश माणसाला दोन आडनावं असतात, आधी वडिलांचं, मग आईचं. गार्सिया मार्केसमधलं गार्सिया वडिलांकडचं, त्यामुळे नियमाने पुस्तक 'ग'मध्ये हवं. पण कपाटात ते 'म'मध्येही लागलेलं असू शकतं. दोन्हीकडे पाहा. वार्गास योसाचंही तसंच.

पांडवलेणी:
चिनी नावांबद्दल लिहितो, कारण इथे मराठी वाचकाला इंग्रजी वाचकापेक्षा खूपच सोपं जायला हवं आणि आपण तो फायदा घेत नाही.

चिनी नावं आज रोमन लिपीत ज्या पद्धतीने लिहितात ती पिनयिन. तिच्यातले बी, डी, जी हे आपले ब, द, ग नाहीत, ते प, त, क आहेत. आणि पी, टी, के म्हणजे फ (ओठ मिटून म्हटलेला), थ, ख. इंग्रजीला अल्पप्राण-महाप्राण वेगळे लिहिता येत नाहीत, आपल्याला येतात. म्हणूनच हिंदीत पेइचिंग आणि तंग श्याओफिंग अशी रूपं दिसतात, आणि ती मूळ उच्चाराला बीजिंग आणि डेंगपेक्षा जवळची आहेत.

पुढचं तर मराठीसाठीच केल्यासारखं आहे. आपल्याकडे 'च' दोन आहेत, चिमणीतला आणि चोरातला. पिनयिनचा जे म्हणजे चिमणीतला च, आणि झेड म्हणजे चोरातला च. क्यू म्हणजे छ. एक्स म्हणजे श. झेड-एच म्हणजे जीभ मागे वळवून म्हटलेला च. सी म्हणजे चोरातला च श्वास सोडून म्हटलेला. आपल्याकडे त्याला अक्षर नाही, पट्टीवर 'त्स' लिहा. मराठीत रुळलेलं 'माओ त्से तुंग' हे जुन्या पद्धतीच्या स्पेलिंगवरून आलेलं आहे आणि ते नव्या 'झेडाँग'पेक्षा बरं आहे.

'थ्री-बॉडी प्रॉब्लेम' वाचताय असं धरू. चिनी पुस्तक २००८चं, इंग्रजी अनुवाद २०१४चा. आडनाव आधी येतं: ये वन-च्ये ही 'ये' घराण्यातली, तिचे वडील ये च-थाय. पोलीस अधिकारी शी छ्यांग, त्यालाच 'ता शी' (इंग्रजीत डी-ए) म्हणजे 'मोठा शी' म्हणतात. पट्टीवर दोन्ही एकाच ओळीत. आत पात्रांची नावं चिनी क्रमाने, पण इंग्रजी मुखपृष्ठावर लेखकाचं नाव उलटं, लिऊ हे आडनाव शेवटी. बायको लग्नानंतर आडनाव बदलत नाही, म्हणून आडनावावरून नवरा-बायको जुळवायला जाऊ नका. नावं एकेका अक्षराएवढी आखूड असल्याने 'कोणाचा कोण' हा रकाना इथे सगळ्यात महत्त्वाचा. व्यवसायही लिहा.

भ्रमणध्वनीवर उच्चार ऐकणार असाल तर रोमन स्पेलिंग टाकू नका. मूळ चिनी लिपीतलं नाव चिकटवून भाषा चिनी निवडा, नाहीतर यंत्र इंग्रजी पद्धतीने म्हणतं.

जपानी सगळ्यात सोपं. आ, इ, उ, ए, ओ हे पाच स्वर, प्रत्येक अक्षराला जवळपास सारखा वेळ, इंग्रजीसारखा ठोसा कुठेही नाही: कु-सा-ना-गि. त्यांच्या वर्णमालेच्या क्रमामागे संस्कृतचा अभ्यास आहे, त्यामुळे देवनागरीत ती नावं छान बसतात. अडचण येते ती सारख्या सुरुवातीची. 'डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स'मध्ये तपास करणारे कुसानागि आणि किशितानि, दोघंही 'क'चे, दोघंही चार अक्षरी. अशा जोडीत फरक जिथे आहे ते अक्षर ठळक करा, साना आणि शिता.

रामशेज:
पटलं. रशियन पुस्तकात तरी पहिल्या अक्षरावर भागणार नाही. मग सरळ आपलं सोपं नाव ठेवलं तर? रास्कोल्निकोवला मनात 'राजू' म्हणायचं.

तपोवन:
टोपणनाव ठेवायला हरकत नाही, पण ते कादंबरीच्या आतलं निवडा. त्याची आई त्याला 'रोद्या' म्हणते. दोन अक्षरं, जिभेला सोपं, आणि वीस पानांनी तीच हाक पुन्हा आली की थबकायला होत नाही. 'राजू' म्हटलं की आदराची हाक आणि लाडाची हाक दोन्ही एकाच खोक्यात जातात.

गंगापूररोड:
वाचनकट्ट्यावर, म्हणजे गटात, मोठ्याने वाचायचं असेल तर नियम थोडे कडक लागतात. मनात वाचताना प्रत्येकाचा उच्चार वेगळा चालतो. ऐकणाऱ्याला मात्र एक वाचक 'राझुमिखिन' आणि दुसरा 'रॅझुमिकिन' म्हणाला की दोन माणसं वाटतात. वाचन सुरू होण्याआधी त्या बैठकीच्या पानांतली नावं काढून फळ्यावर किंवा मोठ्या कागदावर देवनागरीत लिहा, सगळ्यांनी एकदा एकत्र म्हणा, कागद समोर राहू द्या. एका बैठकीत सहा-सातपेक्षा नवी नावं येत असतील तर पानं कमी करा. लांब नाव दोन श्वासांत तोडून म्हणायला काहीच हरकत नाही. अडखळून पुन्हा सुरुवातीपासून म्हणू नका, ऐकणाऱ्याचा धागा तिथेच तुटतो.

आणि अनुवाद एकच ठरवा. एकाने पितृनावं ठेवलेली असतात, दुसऱ्याने वाचकासाठी गाळलेली असतात. दोन अनुवाद हातात असले की अर्धी बैठक जुळवाजुळवीत जाते.

पंचवटी:
थोडक्यात आणखी काही भाषा.

पोलिश: डब्ल्यू म्हणजे व, सी-झेड म्हणजे च, एस-झेड म्हणजे श. लेखिका तोकार्चुक यांच्या नावातला च तो हाच. एलवर आडवी रेघ असेल तर इंग्रजी डब्ल्यूसारखा उच्चार. वर्तमानपत्रांतलं पोलिश नेत्याचं 'वालेसा' हे नाव पोलिशमध्ये 'वावेन्सा' होतं. आघात जवळजवळ नेहमी शेवटून दुसऱ्या अक्षरावर.

हंगेरियन: इथे नेमकं उलटं, एस म्हणजे श आणि एस-झेड म्हणजे स. २०२५च्या नोबेलनंतर क्रास्नाहोर्काइ वाचणाऱ्यांनी पोलिशचा नियम इथे आणू नये. आघात नेहमी पहिल्या अक्षरावर, आडनाव आधी.

आयरिश: बी-एच आणि एम-एच म्हणजे बहुतेक वेळा व. 'एन-आय-ए-एम-एच' हे नाव 'नीव' आहे, 'एस-आय-ओ-बी-एच-ए-एन' हे 'शिवॉन'. स्पेलिंगवरून ओळखायला जाऊ नका, ऐकाच.

आइसलँडिक: -सोन आणि -दोत्तिर ही आडनावं नाहीत, बापाच्या किंवा आईच्या नावावरून आलेली ओळख आहे. भावाबहिणीचं शेवटचं नाव वेगळं दिसणारच. तिथे सगळे पहिल्या नावाने ओळखले जातात, पट्टीवरही तेच लिहा.

काल्पनिक जगातल्या कादंबऱ्यांत आधी शेवटची पानं उलटून परिशिष्ट आहे का बघा. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या परिशिष्टात उच्चारांचा पूर्ण विभाग आहे. सी नेहमी क, म्हणून केलेबॉर्न. अशी सोय नसेल तर तुम्ही ठरवाल तो उच्चार बरोबर.

कॉलेजरोड:
आपल्याच देशातल्या भाषा राहिल्या. इंग्रजीतून तमिळ किंवा मल्याळम कादंबरी वाचताना टी-एच म्हणजे बहुधा त असतो, थ नाही. तिकडची 'ललिथा' ही आपली ललिताच. झेड-एच दिसलं की ळ वाचा. नेमका तो उच्चार मराठीत नाही, पण 'तमिळ' या नावात आपण तेच केलंय. तेलुगूत घराण्याचं नाव आधी येतं, बरेचदा नुसत्या आद्याक्षराने, पी. व्ही. नरसिंह रावांमधला 'पी' म्हणजे पामुलपर्ती, त्यांचं घराणं.

बंगालीत प्रत्येकाला घरातलं डाकनाम आणि बाहेरचं भालोनाम असतं, आणि दोघांत आवाजाचं साम्य असेलच असं नाही. सत्यजित राय यांच्या कथांमधला गुप्तहेर फेलूदा म्हणजे प्रदोषचंद्र मित्र. 'दा', 'दी' हे दादा-दीदीचे शेपूट वगळून मूळ नाव पट्टीवर लिहा, नाहीतर एकच माणूस दोन ओळींत जातो.

गोदाकाठ:
सगळ्यांचे आभार. गंगापूररोड यांनी सांगितल्याप्रमाणे मोठ्याने वाचणाऱ्यांसाठी 'गुन्हा आणि शिक्षा'ची पट्टी तयार करून देतो. पान क्रमांक आपापल्या आवृत्तीप्रमाणे भरा. नात्यांपलीकडे काही लिहिलेलं नाही, त्यामुळे कथानक फुटत नाही.

रास्कोल्निकोवांचं घर
रोदिओन रोमानोविच रास्कोल्निकोव: रोद्या, रोदेन्का. नायक.
अव्दोत्या रोमानोव्ना: दून्या, दूनेच्का. बहीण.
पुल्खेरिया अलेक्सांद्रोव्ना: आई. (पितृनाव वेगळं, कारण ते तिच्या वडिलांचं.)
दोन ओळी मोकळ्या.

मार्मेलादोवांचं घर
सेम्योन झाखारोविच मार्मेलादोव: बाप.
कातेरिना इवानोव्ना: त्याची दुसरी बायको.
सोफ्या सेम्योनोव्ना: सोन्या, सोनेच्का. मुलगी, पहिल्या बायकोची.
दोन ओळी मोकळ्या.

बाहेरचे
राझुमिखिन, दिमित्री प्रोकोफिच: मित्र. 'झु' ठळक.
प्योत्र पेत्रोविच लुझिन: दून्याला मागणी घालणारा. याला 'लुझिन' म्हणा.
पोर्फिरी पेत्रोविच: तपास करणारा. याला 'पोर्फिरी' म्हणा.
इल्या पेत्रोविच: ठाण्यातला अधिकारी. याला 'इल्या' म्हणा.
अर्कादी इवानोविच स्विद्रिगाइलोव: दून्या ज्या घरी शिकवायला होती तिथला मालक. आघात 'गाइ'वर. (कातेरिना इवानोव्नाशी नातं नाही.)